वाचकांचे प्रश्न : बाळंतीण, तान्हे मूल आणि हृदयाचे दुखणे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. तीन पत्रे परिचर्येच्या कामात असलेल्या भगिनींची आहेत आणि दोन घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांची. औषधांच्या मात्रा जेथे दिल्या आहेत तेथे त्या समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष रुग्णासाठी त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्राच पाळावी.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. एका रात्रपाळीत बाळंतिणीची वार पडल्यानंतर अंगावरून जास्त जाऊ लागले. मी डॉक्टरांना फोनवर ‘जरा जास्त ब्लीडिंग वाटतंय’ असे कळवले. ते दुसऱ्या रुग्णात अडकले होते आणि येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. बाळंतीण वाचली, पण तिला तीन पिशव्या रक्त द्यावे लागले. ‘सिस्टर, एवढं होतं तर आधी का नाही सांगितलंत?’ हे डॉक्टरांचे वाक्य मनातून जात नाही. रक्त नेमके किती गेले हे कसे ओळखावे? — एक अधिपरिचारिका, विदर्भ

उत्तर : तुम्ही फोन केलात, रुग्णाजवळ थांबलात आणि बाई वाचली, हे आधी लक्षात घ्या. चूक तुमच्या हेतूत नव्हती, ‘जरा जास्त’ या शब्दांत होती. ‘जरा जास्त’ म्हणजे दोनशे मिलिलिटर की नऊशे, हे पलीकडच्या माणसाला कळण्याचा काहीच मार्ग नसतो. नजरेने केलेला अंदाज जवळजवळ नेहमी प्रत्यक्षापेक्षा कमी येतो, आणि रक्त जितके अधिक गेलेले असते तितकी ही तफावत वाढत जाते. अनुभवी सिस्टरचेही असेच होते. मी स्वतः अनेक वर्षे लेबर रूममध्ये काढली आहेत आणि अंदाज व मोजमाप शेजारी ठेवून पाहिल्यावर माझाही अंदाज किती तोकडा पडतो हे पाहून हादरले आहे.

योनिमार्गे प्रसूतीनंतर चोवीस तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर तो प्रसूतिपश्चात रक्तस्राव मानला जातो. दिवस भरलेल्या गर्भपिशवीला दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पुरवले जात असते. वार सुटल्यावर पिशवीचे स्नायू आवळून त्या रक्तवाहिन्या बंद करतात. स्नायू सैल राहिले तर नळ उघडाच राहतो. म्हणून येथे चाळीस मिनिटे हा फार मोठा काळ आहे.

मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बाळंतिणीच्या खाली लावायची खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी. बाळ बाहेर आल्यावर गर्भजल निघून गेले की ती लावावी, म्हणजे पाणी आणि रक्त एकत्र मोजले जाणार नाही. पिशवी नसेल तर वजनाचा काटा तरी प्रत्येक प्रसूतिगृहात असतोच. तुमच्या विभागात वापरले जाणारे पॅड आणि कापड कोरडे असताना एकदा वजन करून तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. कोरडे कापड १२० ग्रॅमचे असेल आणि भिजल्यावर ते ४७० ग्रॅम भरले, तर साधारण ३५० मिलिलिटर रक्त त्यात आहे, कारण एक मिलिलिटर रक्ताचे वजन जवळपास एक ग्रॅमच असते. फरशीवरचे आणि चादरीत मुरलेले रक्त यात धरले जात नाही, हे मात्र विसरू नका.

या साध्या गोष्टीचे मोल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ऐंशी रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींमध्ये, काही ठिकाणी खुणांची पिशवी लावून रक्त मोजले गेले आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपाय एकामागून एक न करता एकदमच सुरू केले गेले. एक लिटर किंवा अधिक रक्त जाणे, रक्तस्रावामुळे पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू होणे, या सर्वांचे एकत्रित प्रमाण तेथे साठ टक्क्यांनी कमी झाले. नेहमीच्या पद्धतीने काम चाललेल्या रुग्णालयांत रक्तस्राव झालेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये तो वेळेवर ओळखलाच गेला नव्हता; मोजणाऱ्या रुग्णालयांत दहापैकी नऊहून अधिक जणींमध्ये तो ओळखला गेला. औषधे दोन्हीकडे ओळखीचीच होती.

ते उपाय तुम्हाला पाठ आहेत, तरी एकदा लिहिते. पोटावरून गर्भपिशवी चोळून घट्ट करणे, ती आवळणारे ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, सलाईन, आणि त्याच वेळी जननमार्गाची तपासणी. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड प्रसूतीनंतर तीन तासांच्या आतच द्यायचे असते आणि जितके लवकर तितका त्याचा उपयोग अधिक. मूत्राशय भरलेले असेल तर गर्भपिशवी आवळत नाही, म्हणून लघवी करवून घ्या किंवा कॅथेटर (लघवीची नळी) घाला. गर्भपिशवी दगडासारखी घट्ट असूनही लाल रक्ताची धार थांबत नसेल तर जननमार्गात कुठे फाटले आहे ते शोधा, आणि वार पुन्हा उजेडात धरून तिचा तुकडा कमी नाही ना हे पाहा. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. उन्हाळ्यात ट्रेमध्ये दिवसभर पडून राहिलेल्या अँप्यूलने (औषधाच्या काचेच्या कुपीने) गर्भपिशवी आवळली नाही तर दोष बाळंतिणीला देता येणार नाही. गर्भपिशवी आवळणारे दुसरे औषध मेथर्जिन मात्र रक्तदाब वाढलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या बाईला देऊ नये.

बीपीच्या आकड्यावर विसंबू नका. तरुण बाईचे शरीर बराच वेळ रक्तदाब टिकवून धरते आणि मग एकदम कोसळते. नाडी आधी बोलते. नाडीचा आकडा वरच्या बीपीने भागून पाहा. नाडी १०८ आणि वरचे बीपी ११० असेल तर उत्तर ०.९८ येते. हे उत्तर ०.९ च्या पुढे गेले की बीपी ‘नॉर्मल’ दिसत असले तरी धोका सुरू झाला आहे असे समजावे. म्हणूनच ३०० मिलिलिटर रक्त गेलेले असताना नाडी वा बीपी बिघडलेले दिसले, तर ५०० पर्यंत थांबू नये असे आता शिकवले जाते. शिवाय आपल्याकडे जवळजवळ निम्म्या गर्भवतींमध्ये रक्तक्षय असतो. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईला ५०० चा आकडा लागू करणे हा अन्याय आहे. तिच्यासाठी त्याहून कमी रक्तही पुष्कळ झाले.

आणि आता फोन. पुढच्या वेळी असे बोलून पाहा : ‘सर, प्रसूतिगृहातून बोलतेय. दुसरं बाळंतपण, नॉर्मल डिलिव्हरी होऊन वीस मिनिटं झाली. रक्त मोजून सहाशे मिलि गेलंय आणि अजून चालू आहे. नाडी ११८, बीपी १०० बाय ६०, पिशवी सैल आहे. मसाज चालू आहे, ऑक्सिटोसिन आणि ट्रॅनेक्झॅमिक दिलंय, दोन सलाईन लावली आहेत. तुम्ही आत्ता यायला हवं. येता येत नसेल तर मी १०८ बोलावते.’ एवढे बोलायला अर्धा मिनिट लागतो. फोनची वेळ आणि हेच आकडे केसपेपरवर लिहा.

प्रश्न : मी जीएनएमच्या (परिचर्येच्या पदविकेच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. मॅग्नेशियम सल्फेटच्या प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा जर्क, श्वास आणि लघवी पाहायची हे पाठ आहे, पण या तीनच गोष्टी का, हे कोणी सांगत नाही. वॉर्डात कधी कधी हातोडीही सापडत नाही. — विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : प्रश्न विचारलास हे फार चांगले केलेस. मॅग्नेशियम सल्फेट आपण रक्तदाब वाढलेल्या गर्भवतीला वा बाळंतिणीला येणारे झटके रोखण्यासाठी देतो. मॅग्नेशियम शरीराबाहेर पडते ते केवळ मूत्रपिंडातून. लघवी कमी झाली की ते रक्तात साठू लागते, म्हणून चार तासांत किमान १०० मिलिलिटर लघवी झालेली असली पाहिजे. साठू लागल्यावर विषबाधा ठरावीक क्रमाने पुढे सरकते : आधी गुडघ्याचा जर्क, म्हणजे टकोरा मारल्यावर पाय उडणे, नाहीसा होतो, त्यानंतर श्वसनाचे स्नायू मंदावतात आणि अखेरीस हृदय थांबते. जर्क हा या वाटेवरचा पहिला टप्पा आहे. तो असताना श्वास बंद पडण्याची भीती नसते. तो गेला आणि तरी पुढचा डोस टोचला, तर आपण तिला स्वतःच्या हाताने पुढच्या टप्प्यावर ढकलतो. श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी असला तरीही डोस थांबवायचा. हातोडी नसेल तर स्टेथोस्कोपच्या कडेने किंवा ताठ हाताच्या कडेने गुडघ्याच्या वाटीखाली टकोरा मारूनही जर्क पाहता येतो. हातोडी नव्हती हे कारण नोंदवहीत शोभत नाही.

पहिल्या डोसचे गणित एकदा स्वतः मांडून पाहा. आपल्याकडची अँप्यूल ५० टक्क्यांची, २ मिलिलिटरची असते, म्हणजे एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम औषध. शिरेतून द्यायच्या ४ ग्रॅमसाठी चार अँप्यूल, म्हणजे ८ मिलिलिटर, त्यात १२ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाईन मिसळून २० मिलिलिटर करायचे आणि किमान पाच मिनिटे घेऊन सावकाश द्यायचे. ५० टक्क्यांचे औषध पातळ न करता शिरेतून कधीही देऊ नये. त्यानंतर प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, स्नायूत खोल. आणि १० टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट, १० मिलिलिटर, हा उतारा औषधाच्या कपाटात कुलपाखाली ठेवू नकोस. तो रुग्णाच्या उशाशी हवा.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळांच्या मनात घोळ करते : मॅग्नेशियम हे झटके रोखण्याचे औषध आहे, बीपी उतरवण्याचे नव्हे. बीपी १६० बाय ११० किंवा त्याहून वर असेल तर त्याचे औषध वेगळे आणि तेही लगेच द्यावे लागते. झटके बाळंतपणानंतरही येतात, आणि रक्तदाब बहुधा प्रसूतीनंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जातो, म्हणजे नेमका घरी सोडल्यानंतर. त्यामुळे डिस्चार्ज देताना डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी वा चमक येणे आणि छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही तीन लक्षणे बाईला, आणि तिच्यासोबतच्या आईला किंवा सासूबाईंनाही सांगत जा.

प्रश्न : माझ्या सव्वीस वर्षांच्या मुलीचे दुसरे बाळंतपण माहेरी झाले. तीन आठवड्यांनी तिला आडवे झाले की धाप लागू लागली. रात्री खोकला येई, पाय सुजले. ओल्या बाळंतिणीला अशक्तपणा असतोच, असे सगळे म्हणाले. शेवटी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची ताकद ३० टक्के निघाली. ती आता औषधे घेऊन घरी आहे. आम्ही घरच्यांनी काय पाहावे? — एक वडील, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपल्या मुलीला जो आजार झाला तो गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत होऊ शकतो. त्यात हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. तो उशिरा ओळखला जातो याचे कारण आपण लिहिले आहेच : थकवा, धाप आणि पायांची सूज ही तिन्ही लक्षणे बाळंतिणीत साधी वाटतात. दोन्हींतला फरक एका प्रश्नाने बराचसा कळतो. अशक्तपणाच्या थकव्याला आडवे झाल्यावर आराम पडतो; हृदयाची धाप आडवे झाल्यावर वाढते आणि माणूस उठून बसतो. हे वाचणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला आणि आशाताईंना माझी कळकळीची विनंती आहे की बाळंतिणीच्या भेटीत ‘झोपताना किती उश्या घेतेस?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

आता घरचे काम. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. एका दिवसात एक किलो किंवा तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ती ताकद आली असे समजू नये, ते साठलेले पाणी असते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. बाळंतिणीला लोणचे-पापड आपल्याकडे तसेही कमी देतात, पण वरून मीठ घेणे आणि खारवलेले पदार्थ पूर्ण बंद ठेवा. डिंकाच्या लाडवाला हरकत नाही, मात्र लाडवाने ही धाप जाणार नाही. तिला शेकासाठी कोंदट खोलीत झोपवू नका. पाठीशी उश्या देऊन अर्धवट बसते झोपवा. एका पोटरीत दुखून सूज आली, एकाएकी छातीत दुखले किंवा धाप वाढली, बोलताना जीभ अडखळली, तर सकाळची वाट पाहू नका. या आजारात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता असते.

अंगावर पाजावे की नाही हे तिला चालू असलेल्या औषधांवर ठरते, म्हणून औषधांची चिठ्ठी हृदयरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांनाही दाखवा. बरे वाटले म्हणून औषध स्वतःहून थांबवू नये. पुष्कळ जणींचे हृदय सहा महिन्यांत ते वर्षभरात चांगले सुधारते, पण ते औषधांच्या आधाराने. पुढचे गरोदरपण तिच्या जिवावर बेतू शकते. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय त्याचा विचार नको. कुटुंबनियोजनासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळाव्यात. तांबी चालू शकते. आपण वडील आहात, हे बोलणे अवघड वाटेल. तिच्या आईने आणि जावईबापूंनी तिच्यासोबत डॉक्टरांकडे जाऊन बोलावे.

प्रश्न : माझी मुलगी चार महिन्यांची आहे, वजन सव्वाचार किलो. हृदयाला छिद्र आहे. जन्मली तेव्हा सगळे ठीक सांगितले होते. दूध पिताना तिच्या कपाळाला घाम येतो, दमून झोपते आणि पुन्हा रडून उठते. हृदयाला बळ देणारे डिगॉक्सिन आणि लघवीचे औषध चालू आहे. औषध दिल्यावर उलटी झाली तर पुन्हा द्यावे का? — एक आई, सोलापूर

उत्तर : पुन्हा देऊ नका. किती औषध पोटात राहिले हे आपल्याला कळत नाही, आणि डिगॉक्सिनच्या उपयोगाच्या व विषबाधेच्या मात्रेत अंतर फार थोडे असते. पुढचा डोस ठरल्या वेळीच द्या. लागोपाठ दोन वेळा उलटी झाली किंवा बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटले तर डॉक्टरांकडे न्या, कारण उलटी आणि दूध नको होणे हे औषध जास्त झाल्याचे पहिले लक्षणही असू शकते. जुलाब लागले तरी कळवा. लघवीच्या औषधाने आणि जुलाबाने पोटॅशियम कमी होते, आणि तसे झाले की डिगॉक्सिनची नेहमीची मात्रासुद्धा अंगावर येते.

औषध सिरिंजनेच मोजा. तान्ह्या बाळाची मात्रा मिलिलिटरच्या दशांशात असते, ०.४ च्या जागी ४ वाचले गेले तर दहापट औषध जाते. डॉक्टरांकडून सिरिंजवरच रेघ मारून घ्या आणि घरात एकाच माणसाने औषध द्यावे, नाहीतर आजीने दिलेले आईला ठाऊक नसते आणि दोनदा दिले जाते. दुधात मिसळू नका, कारण बाळाने दूध अर्धे सोडले तर मात्राही अर्धीच जाते. डोसआधी हृदयाचे ठोके पूर्ण मिनिट मोजायला वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून घ्या. तान्ह्या बाळात साधारणपणे १०० पेक्षा कमी ठोके आढळले तर डोस थांबवून विचारतात, पण तुमच्या मुलीसाठीचा आकडा तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला असावा.

जन्मतः ठीक सांगणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असे लगेच मानू नका. जन्मल्यावर काही आठवडे फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्रातून रक्त फारसे पलीकडे जात नाही. चार ते सहा आठवड्यांत तो दाब उतरला की रक्त फुप्फुसांत लोटू लागते, आणि मग घाम, दमणे, वजन न वाढणे दिसू लागते. नवजात बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून जी तपासणी करतात ती निळेपणाचे विकार पकडण्यासाठी फार मोलाची आहे, पण अशा छिद्रात ऑक्सिजन चांगलाच दिसतो.

दूध थोडे थोडे, दर दोन तासांनी, डोके उंच धरून पाजा. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक ओढायला लावू नका. चोखण्यातच तिची कमावलेली शक्ती खर्च होते. पाजण्याने पुरत नसेल तर काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे का, हे विचारून घ्या. दर आठवड्याला वजन करा. लस चुकवू नका. बाळगुटी नको, मध तर अजिबात नको. शस्त्रक्रियेचा खर्च ही काळजी असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मजात हृदयविकाराची शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या राज्यात पालघरहूनच सुरू झाला. जिल्हा रुग्णालयातील या कार्यक्रमाच्या कक्षात मुलीचा इको अहवाल घेऊन जा.

प्रश्न : मी आशा आहे. बाळाचा श्वास तीस सेकंद मोजून दुप्पट केला तर चालेल का? आणि घरोघरी पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप दोन्ही दिसतात, आया दोन्ही चमच्यानेच देतात. — आशा, नंदुरबार जिल्हा

उत्तर : नाही, चालणार नाही. तान्हे बाळ काही सेकंद भराभर श्वास घेते आणि काही सेकंद थांबते. तुमचे तीस सेकंद त्यातल्या कोणत्या भागात पडले यावर आकडा बदलेल. बाळ शांत असताना, रडत वा पीत नसताना, झबले वर करून पूर्ण साठ सेकंद मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक म्हणजे जलद श्वास. सर्वांत लहान गटात आकडा ६० वर आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ पिणे सोडून बसले असेल तर मोजण्यात वेळ न घालवता पाठवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि तेथील बालमृत्यू कसे घटले हे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. तुम्ही आज करता ती घरभेट त्याच कामातून आली आहे.

पॅरासिटामॉलबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. म्हणजे थेंब चौपट तीव्र असतात. आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅमने १२० मिलिग्रॅम पुरतात. सिरपचे ते ५ मिलिलिटर होतात, थेंबांचे जेमतेम १.२. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जाते, आणि दिवसातून चार वेळा असे झाले तर यकृताला इजा होण्याइतके ते आहे. सिरपमध्येही २५० मिलिग्रॅमचे दुप्पट तीव्रतेचे औषध मिळते, म्हणून केवळ ‘सिरप’ शब्दावर जाऊ नका, आकडा वाचा. दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवायला सांगा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल तर घरी औषध देत बसू नये, आधी दवाखान्यात न्यावे. ज्या घरी दोन्ही बाटल्या असतील तेथे थेंबांच्या बाटलीला तिचा ड्रॉपर दोऱ्याने बांधून द्या, आणि आईला लिहिता-वाचता येत नसेल तर ड्रॉपरवर नेलपॉलिशने रेघ मारून ती तिलाच पुन्हा दाखवायला सांगा.